दोनावर आठ शून्यं

या, असे जवळ सरकून बसा. पाय मोकळे सोडलेत तरी चालेल. एका माणसाची गोष्ट सांगतो, जो स्वल्पविरामसुद्धा गाऊन म्हणायचा. आणि त्याच्यासमोर बसून सव्वीस वर्षं ते गाणं ऐकलेल्या दुसऱ्याची, ज्याला त्यातलं काही ऐकू आलं नाही. हा दुसरा मीच. गोष्ट लहान आहे आणि तिचा शेवट गोड नाही, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून कुरकुर नको.

शिलाईचं मशीन अडलं, तिथून सुरू झालं. सुई खाली गेली की वर यायला मागेना. बायको म्हणाली, "गॅरंटीचा कागद काढा, मुदत असेल अजून." मी विचारलं, कुठे ठेवलाय. तर म्हणाली, "मला काय विचारता? या घरातले कागद तुम्ही वाचून ठेवता. मी फक्त त्यांच्यावरची धूळ पुसते." मी कपाटाचा तळचा खण ओढला. विजेची जुनी बिलं, पावत्या, कसल्याशा औषधाची घडीपत्रिका, आणि त्या सगळ्याखाली एक पांढरा लांब लिफाफा, कोपऱ्यावर पत्र्याच्या डब्याचं लहानसं चित्र. बंद. डिंक जसाच्या तसा. चौदा महिन्यांपूर्वी पोस्टाने आला तेव्हा मी तो हातात घेतला होता, जाडी बोटांनी चाचपली होती, आणि मनात हसून म्हणालो होतो, ये बाबा, तुझी माझी ओळख आहे. मग खणात टाकला होता. का उघडायचा? वाचलेलाच होता. मीच वाचून छापायला सोडला होता. त्या संध्याकाळी मात्र, कशी कोण जाणे, माझी तर्जनी डिंकाखाली शिरली. कागद फाटल्याचा आवाज झाला आणि आतून आमच्या छापखान्याच्या शाईचा वास आला, किंचित रॉकेलसारखा. घरात तो वास मला परका वाटला. कामावरचा साहेब अचानक स्वयंपाकघरात येऊन उभा राहावा तसा.

आमचं काम मुद्रितं तपासायचं. छपाईच्या यंत्रांवर जी माडी होती तिथे आमची खोली, एक टेबल, दोन खुर्च्या, मान वाकवता येणारा एकच दिवा. यंत्रं चालू असली की पायाखालची फरशी थरथरायची आणि पाण्याच्या पेल्यात बारीक वर्तुळं उठायची. माझ्या समोरच्या खुर्चीत दादा, नात्याने कुणी नाही, वयाने मोठे म्हणून दादा; ते मूळ प्रत हातात धरून मोठ्याने वाचायचे, मी छापलेल्या कागदावर पेन्सिलचं टोक फिरवत त्यांच्यामागून जायचो. जिथे त्यांचा आवाज आणि माझा कागद जुळायचे नाहीत तिथे चूक. मी नवा होतो तेव्हा फोरमनने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "इथे वाचायचं, समजून घ्यायचं नाही. समजायला लागलास की मेलास. अर्थ माणसाला हात धरून पुढे नेतो आणि चूक मागे राहते." दुसरंही एक होतं. कंपन्यांचे अहवाल, सभांच्या नोटिसा, सगळं बाहेर पडण्याआधी आमच्या डोळ्यांखालून जायचं. तेव्हा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर वाचलेलं झटकून टाकायचं आणि मगच रस्त्यावर उतरायचं. मी खरोखरच त्या पायरीवर चपला झटकत असे. सव्वीस वर्षं. अज्ञान हे मी व्रतासारखं पाळलं. देवापुढे उभं राहून सांगायचो, आजही काही कळू दिलं नाहीस, उपकार आहेत.

दादा गात असत, ते याचसाठी. सपाट आवाजात वाचलं तर अर्थ डोकावायचा, नाहीतर पानाआड झोप यायची. म्हणून त्यांनी चाली बसवल्या होत्या. ताळेबंदाची चाल धावती, कायद्याच्या कलमांची संथ, संचालकांच्या भाषणाची जरा लाडिक. "स्वल्पविराम" ते हलक्या झोक्यावर म्हणायचे आणि "पूर्णविराम" म्हणताना असा काही सूर टेकवायचे की खालच्या यंत्रवाल्यांनी एकदा टाळ्या वाजवल्या होत्या. छापखान्यात त्यांना बाजा म्हणत आणि मला चष्मा. "बाजा वाजला का रे? मग चष्मा आला असेल," हा रोजचा विनोद, आणि त्यावर रोज तितकंच हसलं जायचं. गाऊन सांगितलेलं मला लहानपणापासून आवडतं. आमच्या भागातल्या प्रार्थनेच्या हॉलमध्ये गाऊन उपदेश करणारे येत, तेव्हा मी पुढच्या रांगेत बसायचो आणि रडायचो, लाज न बाळगता. तिथे गाणं अर्थाला बोटाला धरून काळजात आणून सोडतं. दादांचं गाणं त्याच अर्थाला दाराबाहेर उभं करण्यासाठी होतं. दोन्ही ठिकाणी मी सारख्याच भक्तीने मान डोलावली. पन्नाशी उलटली तरी हा फरक मला कळला नव्हता. तो कळला खणासमोर उकिडवा बसलेलो असताना, सातव्या पानावर.

लिफाफ्यातल्या नोटिशीच्या सातव्या पानावर लिहिलं होतं की पत्र्याचे डबे बनवणारी ती कंपनी आपल्या कर्जदात्यांना पैशांऐवजी नवे शेअर देईल, प्रत्येकी पन्नास पैशांनी, आणि अशा नव्या शेअरांची संख्या २०,००,००,००० पर्यंत असेल. मी ते वाचलं आणि माझ्या कानात दादा गायले. दोन, शून्य, स्वल्पविराम, शून्य शून्य, स्वल्पविराम, शून्य शून्य, स्वल्पविराम, शून्य शून्य शून्य. त्या दिवशी त्यांचा घसा बसला होता, शेवटच्या शून्यांवर आवाज चिरकला, आणि ते खाकरून म्हणाले, "परत घेतो." परत घेतलं म्हणून तर मला सापडलं. माझ्या कागदावर सातच शून्यं होती. खाली टाइप जुळवणाऱ्याने एक गाळलं होतं. दोन कोटी छापलं होतं, हवं होतं वीस कोटी. मी पेन्सिलीने समासात खूण केली. फोरमन वर येऊन माझ्या पाठीवर थाप मारून गेला, "चष्म्या, कंपनीची अब्रू वाचवलीस." त्या दिवशी मी दोघांसाठी बिस्किटं आणली होती. आणि त्याच कंपनीचे एक लाख शेअर दादांच्या नावावर होते, वीस हजार माझ्या. कंपनीचे सगळे शेअर मिळून दोन कोटी होते, हेही त्याच नोटिशीत, चौथ्या पानावर, दादांनीच गायलं होतं. दोन कोटींत वीस कोटी मिसळणार हे आम्ही दोघांनी एकमेकांना सूर लावून ऐकवलं, बिस्किटं खाल्ली, जिना उतरलो आणि शेवटच्या पायरीवर चपला झटकल्या.

ते शेअर घ्यायला लावले होते मीच. का, ते ऐकाल तर हसाल. त्या डब्यांच्या कंपनीची मूळ प्रत फार स्वच्छ यायची. सात वर्षांत एक आकडा खोडलेला नाही, एक ओळ तिरकी नाही. बड्या बड्या कंपन्यांचे कागद आमच्याकडे यायचे ते जेवलेल्या ताटासारखे, आणि ही एवढीशी कंपनी, जिचा शेअर तीन रुपयांना मिळतो, ती कशी नेटकी. मी दादांना म्हणालो, जो माणूस कागद इतका जपतो तो पैसा जपणार नाही का? दादांना निवृत्तीची रक्कम तेव्हाच मिळाली होती. तशी नोकरी सुटली नव्हती, त्यांच्या जागी बसायला कुणी नव्हतं म्हणून फोरमनने रोजावर ठेवून घेतलं होतं. मोठ्या कंपनीचे त्या रकमेत शे-दीडशे शेअर आले असते. इथे लाख आले. "चष्म्या," ते म्हणाले होते, "आयुष्यात लाख कशाचेच नव्हते रे माझ्याकडे. लाख दाणे गव्हाचे एकत्र पाहिले नसतील मी." आणि नोटीस पोस्टाने आली त्या दिवशी त्यांनी लिफाफा कामावर आणून विचारलं होतं, "हे काय आलंय? उघडू का?" मी त्यांच्या हातून लिफाफा घेतला, पाहिला, परत दिला. "आपलीच नोटीस आहे दादा. वाचलीय आपण." "हो की," ते म्हणाले. "दोनदा वाचलीय." भाव तेव्हा तीन चाळीस होता. त्यानंतर महिनाभर तो तिनाच्या वरच होता. महिनाभर आम्ही दोघं रोज सकाळी तो भाव पाहून एकमेकांकडे बघून माना हलवत होतो, दोन शहाणी माणसं हलवतात तशा.

मग उतरत गेला. पडला असता तर आवाज झाला असता, आम्ही दचकलो असतो. तो उतरला जिन्यावरून म्हातारा उतरतो तसा, एकेक पायरी, मध्येच थांबून, मध्येच एक पायरी वर चढल्यासारखं करून. ज्या कर्जदात्यांना पन्नास पैशांनी मिळाले होते ते अडीचला विकत होते, मग दोनला, मग सव्वाला; त्यांना सगळ्यात फायदाच होता. आम्ही म्हणायचो, बाजार आहे, जातो आणि येतो. दरम्यान दादांचा आवाजही तसाच उतरत होता. आधी वरचे सूर गेले, मग चाली गेल्या, मग एके दिवशी त्यांनी मूळ प्रत माझ्या हातात दिली आणि तोंडावर बोट ठेवलं, लहान मुलांना गप्प करतात तसं, स्वतःलाच. तपासणीत घशात गाठ निघाली. मोठ्या खाजगी दवाखान्यातल्या डॉक्टरने सांगितलं, किरणांनी जाळू, लवकर आलात तर आवाज वाचेल. आणि खर्चाचा आकडा कागदावर लिहून दिला. दादांनी तो दोन्ही बाजूंनी तपासून पाहिला. घराचं भाडं आणि औषधं यातून काही उरत नव्हतं. होतं ते डब्यांच्या कंपनीत होतं, आणि तिथे आता लाख शेअरांचे तीस हजार रुपये दिसत होते. सरकारी इस्पितळात फुकट होतं, पण तिथे ते यंत्र नव्हतं, तिथे कापून काढत. दादा कुजबुजले होते, "भाव तिनाला आला की जातो. येईल ना रे?" मी म्हणालो होतो, "येईल की." अगदी सहज. समोरचा जांभई देतो म्हणून आपण देतो तसं. त्याला पाच महिने झाले होते.

मी उठलो तेव्हा गुडघे वाजले. बायको म्हणाली, "सापडला कागद?" मी म्हणालो, सापडला. ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली आणि मशीनवर झाकण घालून म्हणाली, "राहू दे, हाताने शिवते." दादांचं घर तीन थांब्यांवर. मी चालत गेलो, उशीर व्हावा म्हणून. दुकानांच्या पाट्या वाचत होतो आणि आज पहिल्यांदा त्या काहीतरी सांगत होत्या: इथे किल्ल्या मिळतील, इथे दात काढून मिळतील, आत येताना पायरी जपा. कुणीतरी जग लिहून ठेवलेलं होतं आणि मी आजवर फक्त त्याचे काना-मात्रे पाहत आलो होतो. चालता चालता मन वाटाघाटी करायला लागलं. कशाला सांगायचं? आशेवर जगतोय बिचारा. आशेला भाव लागत नाही. शेवटी त्यालाही दिसत होतंच ना, त्यानेच गायलं ना. हे मनात आलं आणि मी रस्त्यात थांबलो. कबूल केलेलं पाप अर्धं होतं असं हॉलमध्ये गाऊन सांगायचे, आणि मी डोळे पुसायचो. आता कळत होतं की उरलेलं अर्धं नाहीसं होत नाही, समोरच्याच्या पदरात पडतं. पण न सांगावं तर तो तिनाची वाट पाहणार. तीन कधीच येणार नव्हते. घशातली गाठ मात्र कुणाची वाट पाहत नव्हती. देवा, मी म्हणालो, आवाज तू त्याचा घेतलास. माझा कशाला ठेवलास ते आता कळलं.

दादा खिडकीशी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत होते. गुळणीतही एक बारीक सूर असतो, पण त्यांच्या गुळणीत तो नव्हता, नुसतं पाणी हलत होतं. खोली दुसऱ्या मजल्यावर, खाली सायकली दुरुस्त करणारा, त्यामुळे मधूनमधून हवा सुटल्याचा आवाज यायचा. दादा आता जुन्या प्रूफांच्या पाठीवर लिहून बोलत. टेबलावर अशी थप्पीच होती: मागे कुणाचा तरी नफा-तोटा, पुढे "पाणी", "पंखा मंद कर", "आज मासिक आलं नाही". वहिनी म्हणाल्या, "या भावोजी. तुमची वाटच पाहत होते हे. मला म्हणतात, म्हणजे लिहितात, की चष्मा आला की भाव विचारतो. मी म्हटलं, भावोजींना स्वतःचा भाव आहे का काही, का नुसता शेअरचाच?" दादा हसले. हसणं दिसलं, ऐकू आलं नाही. मी लिफाफा टेबलावर ठेवला. त्यांनी तो ओळखला, उठून कपाटातून आपला काढून आणला आणि माझ्या लिफाफ्याशेजारी नीट, कडेला कड जुळवून ठेवला. त्यांचाही बंद होता. मी म्हणालो, "दादा, आज मी वाचतो. तुम्ही पेन्सिल धरा."

सव्वीस वर्षांत आम्ही खुर्च्या बदलल्या नव्हत्या. त्यांनी आपला लिफाफा फाडला, चष्मा लावला, पेन्सिलचं टोक चौथ्या पानावर टेकवलं. मला चाल येत नव्हती, मी सपाट वाचलं. चौथं पान वाचलं, सातवं वाचलं. आकडा शून्याशून्याने वाचला आणि मग, जे आम्ही कधी केलं नव्हतं ते केलं, म्हणजे तोच आकडा शब्दांत म्हटला. वीस कोटी. पेन्सिल त्या आठ शून्यांवरून गेली आणि थांबली. दादांनी माझ्याकडे पाहिलं. खाली कुणाच्या तरी चाकातली हवा सुटली. "हे शून्य मी पकडलं होतं दादा," मी म्हणालो. "आपण बिस्किटं खाल्ली होती." वहिनी हातातलं काम टाकून आल्या. "काय झालं? मला कळेल असं सांगा," त्या म्हणाल्या. मी त्यांना दिव्याची गोष्ट सांगायला लागलो, की आमच्या खोलीत दिवा एक आणि माणसं दोन, आता समजा त्याच दिव्याभोवती बावीस माणसं बसवली, तर दिवा तोच राहिला तरी प्रत्येकाच्या कागदावर... "म्हणजे पातेलं तेच आणि पाहुणे वाढले," वहिनी म्हणाल्या. "सरळ सांगा की. त्याला दिवा कशाला लावता?" मग जरा वेळाने, "आणि हे पाहुणे तुम्ही दोघांनी मोजून आत घेतलेत?" त्यांच्या स्वरात राग नव्हता. राग असता तर मला धरायला काहीतरी मिळालं असतं.

दादांनी थप्पीतला एक कागद ओढला आणि लिहिलं: तीन येणार नाही? मी म्हणालो, "नाही." त्यांनी खाली लिहिलं: कधी? मी म्हणालो, "वीस कोटी पाहुणे उठून गेले तर." ते बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले, जणू माझं उत्तरही तिथे छापून येणार होतं. मी म्हणालो, "मी तुम्हाला म्हणालो होतो येईल. ते मी न वाचता म्हणालो होतो. दादा, मी..." त्यांनी हात वर केला. आणि मग बोलले, कागदावर नाही, तोंडाने. पाच महिन्यांत मी त्यांचं एवढं लांब वाक्य ऐकलं नव्हतं. कोरड्या पानावर पाय पडावा तसा आवाज होता तो. "चष्म्या, गायलो मी. तू तर नुसतं ऐकलंस." आणि त्यांनी माझ्यासमोरचा कागद ओढून सातव्या पानाच्या कोपऱ्यात, बरोबर असल्याची खूण म्हणून आम्ही करायचो ती छोटी तिरकी रेघ केली आणि खाली आपली आद्याक्षरं घातली. शेजारी माझ्यासाठी जागा सोडली. मी माझी घातली. वहिनी म्हणाल्या, "झालं ना वाचून? मग उद्या सकाळी सरकारी इस्पितळात. रांग लवकर लागते." आणि आत जाऊन पिशवी भरायला लागल्या. एक टॉवेल, एक पेला, पेन्सिली तीन.

तीस पैशांनी विकून जे आले त्यात औषधं झाली आणि एक चांगली उशी आली. इस्पितळात मी त्यांच्यासोबत होतो. डॉक्टरांनी कापून सगळंच काढलं. बाहेर आल्यावर मी विचारलं, पाच महिने आधी आलो असतो तर? डॉक्टर तरुण होते, थकलेले होते. ते हात धुत राहिले. साबण दोनदा लावला. "आता पुढचं पाहू," म्हणाले. हे असं उत्तर मी जन्मभर तपासत आलो होतो, कागदावर. त्यात एकही चूक नसते.

त्यानंतर दादा चौदा महिने होते. गळ्याला भोक, त्यावर पांढरी जाळी. ते माझ्याबरोबर हॉलमध्ये येऊ लागले, पूर्वी कधी येत नसत, म्हणायचे की दिवसभर गातो तेवढं पुरे. पुढच्या रांगेत बसायचे. वर गाणारा सुरात आला की यांचे ओठ हलत आणि गळ्यावरची जाळी आत-बाहेर होई, दमाने, मात्रेत. मी गाणाऱ्याकडे पाहायचं सोडून त्या जाळीकडे पाहायचो. एकदा उपदेश संपल्यावर त्यांनी माझ्या तळहातावर बोटाने लिहिलं: समजलं का? मी म्हणालो, थोडं. त्यांनी लिहिलं: मलाही. मग कडेला एक छोटी तिरकी रेघ.

मी अजून तपासतो. एकटाच, डावीकडे मूळ प्रत, उजवीकडे छापलेलं, मधे पट्टी. समोरची खुर्ची भिंतीला लावून ठेवली आहे. आता मला समजतं, आणि फोरमन म्हणाला होता तसंच होतं, चुका निसटतात. गेल्या महिन्यात तीन निसटल्या, मेमो मिळाला. घ्यायचा तो घेतला. पण शेवटच्या पायरीवर आता चपला झटकत नाही. जे वाचलं ते कुणाला सांगत नाही, तो नियम आहे, पण घरी नेतो, रात्री देवासमोर ठेवतो आणि म्हणतो, यात कुणाचे तरी लाख दाणे असतील, त्याला लिफाफा उघडायची बुद्धी दे.

तुमच्याकडे माझं एवढंच मागणं. तुमच्या घरी असा लांब लिफाफा येईल, बारीक टायपाचा, कंटाळवाणा, आणि तुम्ही तो खणाकडे न्याल. नेता नेता क्षणभर थांबा. एक म्हातारा होता, तो शून्यंसुद्धा गाऊन म्हणायचा, शेवटच्या शून्यांवर त्याचा आवाज चिरकला होता आणि तो म्हणाला होता, परत घेतो. त्याची आठवण काढा. मग उघडा.